वर्ग हसला आणि तिनं बोलणं सोडलं

अकरावी सायन्सचे वर्ग सुरू झाले की महिनाभरात हा प्रश्न घेऊन मुलं येतातच: दहावीपर्यंत मराठी माध्यमात चांगले मार्क होते, आता इंग्रजी शब्द डोक्यावरून जातात, उच्चार चुकतो, सायन्स सोडून आर्ट्सला जाऊ का? अशाच एका मुलीबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बायोलॉजीच्या तासाला तिला उभं राहून वाचायला सांगितलं होतं. तिनं ‘सूडोपोडिया’ऐवजी ‘प्स्यूडोपोडिया’ असं वाचलं आणि वर्ग हसला. तेव्हापासून ती हजेरीपुरतं तोंड उघडायची. सोबत आलेले वडील म्हणाले, “मॅडम, आम्हालाच इंग्रजी येत नाही, घरी हिला कोण सांगणार?”

मी तिला विचारलं, “अमीबा पुढे कसा सरकतो गं?”

“छद्मपादांनी,” ती पटकन म्हणाली आणि कागदावर आकृतीही काढली.

“मग तुला तो शब्द येतो की. सूडो म्हणजे खोटा आणि पोड म्हणजे पाय, दोन्ही मूळचे ग्रीक.” ती कागदाकडे बघत राहिली. मग माइटोकॉन्ड्रिया घेतला. त्यातल्या ‘मायटॉस’चा अर्थ धागा, ‘कॉन्ड्रॉस’चा कण. “म्हणजे तंतुकणिकाच!” हे तिचं तिनंच ओळखलं. क्लोरोफिलमध्ये ‘हिरवट’ आणि ‘पान’ आहेत हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली.

उच्चाराचंही मी तिला स्पष्ट सांगितलं. ग्रीकमध्ये सुरुवातीचा तो ‘प्’ म्हणतात, जर्मन माणूस सायकॉलॉजी म्हणताना आजही तो ‘प्’ उच्चारतो. इंग्रजांनी तो बोलण्यातून गाळला, लिहिण्यात मात्र ठेवला. न्यूमोनियाचंही तसंच. समोर दिसलं ते तिनं प्रामाणिकपणे वाचलं होतं. अशा वेळी वर्गाला तिथल्या तिथे थांबवणं हे शिक्षकाचं काम आहे, असं माझं ठाम मत आहे. एका हसण्यानं मूल वर्षभर गप्प बसतं.

मग आम्ही एक वही घातली. इंग्रजी शब्द, त्याच्यासमोर जुन्या पाठ्यपुस्तकातला मराठी शब्द, आणि मोबाईलवरच्या डिक्शनरीत स्पीकरचं चिन्ह दाबून ऐकलेला उच्चार देवनागरीत. देवनागरीत जोर दिसत नाही, म्हणून जोर असेल त्या अक्षराखाली रेघ. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो, ‘फोटोग्राफी’त दुसऱ्यावर, ‘फोटोसिंथेसिस’मध्ये ‘सिं’वर. हे कानानंच कळतं, त्यामुळे ऐकून मोठ्यानं म्हणायचं, मनातल्या मनात नाही.

माझ्या अनुभवात लांबलचक शब्दांपेक्षा साधे शब्द मुलांना जास्त फसवतात. डिक्शनरीत ‘सोल्यूशन’ शोधलं तर आधी ‘उत्तर’ मिळतं, केमिस्ट्रीला हवं असतं द्रावण. ‘बेस’ म्हणजे पाया, पण ॲसिडच्या शेजारी आला की आम्लारी. ‘टिश्यू’ म्हणजे ऊती. आणि ‘वर्क’? भरलेली बादली हातात धरून तासभर एका जागी उभं राहिलात तर हात भरून येतील, पण फिजिक्सच्या हिशेबात तुम्ही बादलीवर शून्य कार्य केलेलं असतं. म्हणून अर्थ शोधताना तो कोणत्या विषयातला आहे, ते आधी बघायचं. पहिला अर्थ उचलून पुढे जायचं नाही.

वडिलांना मी एकच काम दिलं. रात्री जेवण झालं की वहीतला एखादा शब्द तिच्याकडून ऐकायचा आणि “म्हणजे काय, मला समजेल असं मराठीत सांग” म्हणायचं. त्याला इंग्रजी यावं लागत नाही. मेडिकलच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा मराठीतूनही देता येते, हे कळल्यावर त्यांना धीर आला. पण पुढे वर्गात बहुतेक सगळं इंग्रजीतच असतं, तेव्हा वही बंद करायची नाही, हेही बजावलं.

दिवाळीनंतर ती परत आली, ती ऑरगॅनिक केमिस्ट्रीतली नावं पाठ होत नाहीत म्हणून. त्यातलं एक नाव कसं म्हणायचं, ते तिनं भर वर्गात हात वर करून सरांना विचारलं होतं.