ओव्या सांगणारी बाई ‘माहितीदाता’ की ‘माहीतगार’?

प्रश्न असा आला आहे: जात्यावरच्या ओव्यांवर पीएच.डी. चालू आहे. ज्या बायकांनी ओव्या सांगितल्या त्यांना प्रबंधात ‘माहितीदाता’ म्हणा, असं मार्गदर्शक सांगतात. विद्यापीठीय संशोधनातला वसाहतवाद, म्हणजे लोकांकडून नुसती माहिती घ्यायची आणि ज्ञानाचे मालक आपण व्हायचं ही रीत, मोडायचा तर हा शब्द चालेल का?

माझ्या मते ‘माहीतगार’ लिहा.

‘माहितीदाता’ व्याकरणाने चुकीचा नाही. ‘दाता’त मान आहे, असंही कुणी म्हणेल. पण ‘करदाता’ आठवून पाहा: पैसे त्याचे, त्यांचं काय करायचं ते ठरवणार दुसरेच. इथेही बाईने ओव्या पुरवायच्या आणि त्यातून ज्ञान घडवणार विद्यापीठ. ही वाटणी जुनी आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या १८५७च्या आवृत्तीत शीर्षकपानावर मोल्सवर्थ आहेत, मदतनीस म्हणून कँडी बंधू आहेत. त्या कामात राबलेले मराठी पंडित तिथे नाहीत. ‘रिसर्च’ हा मूलनिवासींच्या जगातल्या सर्वांत घाणेरड्या शब्दांपैकी एक असावा, असं न्यूझीलंडच्या माओरी अभ्यासक लिंडा तुहिवाई स्मिथ यांनी १९९९ साली लिहिलं, ते अशाच अनुभवातून.

‘माहीतगार’ मात्र बोलीतला, रुळलेला शब्द. ‘कामगार’, ‘गुन्हेगार’ यांतलाच हा फारसी ‘गार’. विहिरीला पाणी कुठे लागेल हे विचारायला आपण माहीतगार माणसाकडे जातो. त्याला त्यातलं कळतं, हे शब्दातच मान्य केलेलं असतं. शिवाय ‘माहीतगार बाई’ सहज म्हणता येतं, ‘माहितीदात्री’ जिभेवर येत नाही.

नुसता शब्द बदलून भागणार नाही, प्रबंधाच्या परिशिष्टातला या बायकांचा तक्ताही बघा. नाव, वय, गाव, जात, आणि ‘शिक्षण’च्या रकान्यात ‘निरक्षर’. शेकडो ओव्या तोंडपाठ असलेल्या, कुठली ओवी कोणत्या गळ्यावर, म्हणजे चालीवर, म्हणायची हे जाणणाऱ्या बाईबद्दल प्रबंध एवढंच सांगतो! हे मला फार खुपतं. तिथे ‘ओव्या कुणाकडून शिकल्या’ असा रकाना घाला: आई, आजी, सासू, शेजारीण. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्या गाणाऱ्या बायकांच्या आणि गावांच्या नावांसकट. तळटीपेत लेखकाचं नाव देतो तसंच बाईचं द्या, पण आधी तिला विचारा. सासूवरची ओवी आपल्या नावाने छापून यावी, असं प्रत्येकीला वाटेलच असं नाही.

जिथे ठरावीक प्रश्नावली भरून घेतली असेल तिथे ‘उत्तरदाता’ खुशाल ठेवा.