आईंचं मॅग्नेशियम कुठे गळतंय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईंचं वय ६८, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, पँटोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी सहा वर्षं रोज सकाळी चालू आहे, बीपीसाठी थायझाइड ही लघवी वाढवणारी गोळी आहे, रिपोर्टमध्ये मॅग्नेशियम १.५ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर), म्हणजे कमी आलंय आणि कोथरूडच्या तुमच्या शेजारच्या काकूंनी सुचवलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची गोळी सुरू करावी का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीच्या टेबलावर २६ वर्षं काम केलं, त्यामुळे आकड्यांमागे काय असतं ते सांगू शकते. औषधं बदलायचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच.

आधी तो १.५. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. निम्म्याहून जास्त हाडांत, उरलेलं बहुतेक स्नायूंत आणि इतर पेशींत. सीरममध्ये, म्हणजे पेशी काढून उरलेल्या रक्ताच्या पातळ भागात, जो आम्ही मोजतो, एक टक्क्याहूनही कमी. हाडं म्हणजे कणगी आणि रक्त म्हणजे रोजच्या वापराचा डबा. डबा उणा पडला की शरीर कणगीतून काढून तो भरतं, आणि वय वाढतं तसं कणगीतून सहज निघणारं धान्य कमी होत जातं. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी साठा भरलेला असेलच असं नाही. कमी आला तर मात्र तो मनावर घ्यावा.

आकड्याची खात्रीही करून घ्या. तांबड्या पेशींत सीरमच्या जवळजवळ तिप्पट मॅग्नेशियम असतं. रक्त घेताना त्या फुटल्या तर आकडा खोटा वर जातो, खाली येत नाही. पण सीरममधलं सुमारे ३० टक्के मॅग्नेशियम प्रथिनांना चिकटलेलं असतं. त्यामुळे अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, कमी असेल तर एकूण आकडाही कमी दिसतो. आईंचं अल्ब्युमिन किती आहे ते बघा.

आता आत येण्याची वाट. जेवणातल्या मॅग्नेशियमपैकी साधारण ३० ते ४० टक्केच आत जातं. बरंचसं लहान आतड्यात पेशींच्या फटींतून झिरपतं, थोडं मोठ्या आतड्यात खास मार्गिकांमधून ओढून घेतलं जातं. खाणं कमी पडलं की आतडं हेच प्रमाण स्वतःहून वाढवतं. या शोषणातच पँटोप्राझोलच्या वर्गातल्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांपैकी काहींना अडथळा येतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०११ साली याबद्दल इशारा दिला होता. त्यांनी तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे चौथाई जणांना नुसतं मॅग्नेशियम देऊन उपयोग झाला नाही, ॲसिडिटीची गोळीच बंद करावी लागली. तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे.

बाहेर जाण्याची वाट म्हणजे मूत्रपिंड, आणि खरा कारभार तिथेच चालतो. दिवसभरात तिथे सुमारे २४०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम गाळलं जातं आणि ९५ टक्क्यांहून जास्त परत घेतलं जातं. लघवीतून शंभरेक मिलिग्रॅम जातं. सोडियम बहुतांशी मूत्रपिंडातल्या बारीक नलिकेच्या सुरुवातीलाच परत घेतलं जातं. मॅग्नेशियमचं तसं नाही, त्याचा ६० ते ७० टक्के भाग या नलिकेच्या मधल्या, हेन्लेचं वळण म्हणतात त्याच्या जाड चढत्या भागात परत येतो. शेवटचा दहाएक टक्के त्याच्या पुढच्या नलिकेत ठरतो, आणि त्यानंतर परत घ्यायची सोय नाही. थायझाइड नेमकं त्या शेवटच्या टप्प्यावर काम करतं, त्यामुळे मॅग्नेशियम लघवीतून गळू शकतं. म्हणजे आईंच्या बाबतीत दोन्ही दारं संशयित आहेत. साखर हाताबाहेर असेल तर तीही लघवीवाटे मॅग्नेशियम घालवते. तिचा उल्लेख तुम्ही केलेला नाही.

हे इतकं लांबण लावून सांगतेय, कारण माझ्या सासूबाईंचं असंच झालं होतं. एका रुग्णालयात आठवडाभर पोटॅशियम देत होते आणि ते २.९ च्या वर जाईना. कॅल्शियमही उतरलेलं. मॅग्नेशियम तोवर कुणी तपासलंच नव्हतं. मॅग्नेशियम फार कमी झालं की मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवत नाही आणि कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोनही नीट सुटत नाही. मॅग्नेशियम भरून काढल्यावर दोन्ही आकडे सावरले. आईंचं पोटॅशियम आणि कॅल्शियम याच आठवड्यात तपासून घ्या. छातीत धडधड, झटका (फिट) किंवा हातपाय आखडणं असं काही दिसलं तर रिपोर्टची वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.

काकूंची गोळी लगेच नको. ऑक्साइड नीट विरघळत नाही, फार थोडं शोषलं जातं. उरलेलं आतड्यात पाणी ओढतं आणि जुलाब होतात. जुलाबात आणखी मॅग्नेशियम जातं. शिवाय क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल, तर उलटच संकट, कारण जास्तीचं मॅग्नेशियम बाहेर टाकणारं दुसरं कुणी नाही. बद्धकोष्ठतेसाठी मिल्क ऑफ मॅग्नेशिया घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि एक गोष्ट कडू लागली तरी सांगते: वयस्कर लोकांच्या पोटऱ्यांत रात्री येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा फारसा फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. तेव्हा आकडा सुधारला तरी गोळे थांबतीलच असं धरून चालू नका.

आरओच्या पाण्यामुळे मॅग्नेशियम कमी पडतं, असंही काही जण म्हणतात. आरओ मॅग्नेशियम काढून टाकतो हे खरं, पण मुख्य पुरवठा जेवणातून होतो. भोगीला करतो ती तीळ लावलेली बाजरीची भाकरी एरवीही करा. राजगिरा, मोडाची मटकी, शेंगदाणेही चांगले. मोड आणल्याने शोषणाला आड येणारं फायटेट कमी होतं. मैद्यात मात्र कोंड्याबरोबर बहुतेक मॅग्नेशियम निघून गेलेलं असतं.

डॉक्टरांना एवढंच विचारा: चोवीस तासांच्या लघवीतलं मॅग्नेशियम बघायचं का? रक्तात कमी असताना लघवीतही अगदी थोडं असेल तर मूत्रपिंड धरून ठेवतंय आणि गळती आतड्याकडे आहे. लघवीत ३० मिलिग्रॅमच्या वर जात असेल तर थायझाइडकडे बघावं लागेल. कॅन लॅबमधूनच आणा. त्यात आम्ही ॲसिड घालून देतो, म्हणून थेट कॅनमध्ये लघवी करायची नाही, मगात घेऊन ओतायची. पहिल्या दिवशी सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची लघवी मात्र न चुकता धरायची.