हप्त्याची सोय झालीय, असं तुम्हाला वाटतंय

पत्र नागपूरहून, मानेवाडा भागातून आलंय. लिहिणारी एकोणतीस वर्षांची, बी.एड. झालेली, सीबीएसई शाळेत सहा वर्षं इंग्रजी शिकवणारी. शाळेचा पगार ३४ हजार. शनिवार-रविवारी सीताबर्डीतल्या एका क्लासमध्ये आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करून घेते, त्याचे १२ हजार. स्वतःची शिल्लक साडेचार लाख. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एम.ए. टीसॉलला, म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सला, प्रवेश मिळालाय. सप्टेंबर २०२६ ला सुरुवात. प्रश्न एका ओळीचा: "२६ लाख लागतील, तर शैक्षणिक कर्ज काढू की बाबांची एफडी मोडू?" सोबत विषयांची यादी आहे आणि त्यातले पर्यायी विषय कोणते घ्यावेत, हेही विचारलंय.

प्रश्न रास्त आहे. पण पत्राच्या शेवटाकडे, जाता जाता, एक वाक्य आलंय: "हप्त्याची काळजी नाही. बँकेतल्या सरांच्या सांगण्यावरून बाबांनी गॅरंटीड इन्कमची पॉलिसी घेतलीय, त्यातून हप्ता निघेल."

नाही निघणार.

पॉलिसीच्या पानाचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. खाली उजवीकडे ४३,२०,००० या आकड्याभोवती कोणीतरी पिवळ्या मार्करने गोल केलाय. आता त्याच रकान्यात वर बघा. पहिल्या वर्षापासून नवव्यापर्यंत ओळीने शून्य आहे. वर्षाला ३ लाख असे आठ वर्षं भरायचे, आणि पहिले ३ लाख ६० हजार हातात पडणार दहाव्या वर्षाअखेर, म्हणजे २०३६ मध्ये. तुमच्या कर्जाचा हप्ता सुरू होणार २०२८ ला आणि दहा वर्षांत संपणार. जी पॉलिसी हप्ता भरणार होती, ती हप्त्याची पहिली आठ वर्षं एक रुपया देत नाही. आणि देईल तेव्हा महिन्याला ३० हजार पडतात. हप्ता त्याहून बराच मोठा आहे.

किती मोठा, तेही बघू. २६ लाख, साडेदहा टक्के व्याज, कोर्सचं एक वर्ष आणि नंतरची एक वर्षाची सवड. त्या दोन वर्षांचं व्याज चढून मुद्दल साडेएकतीस लाखांच्या घरात जातं. दहा वर्षांचा हप्ता साधारण साडेबेचाळीस हजार. त्यावर पॉलिसीचे महिन्याचे २५ हजार. म्हणजे २०२८ पासून पॉलिसीचे हप्ते संपेपर्यंत घरातून दरमहा साडेसदुसष्ट हजार बाहेर जाणार. आज तुमची कमाई ४६ आणि बाबांची कोळसा खाणीची पेन्शन १४, मिळून ६०. किराणा, वीजबिल, आईची औषधं यातलं काहीच मी अजून धरलेलं नाही.

बाबा वेकोलितून, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीतून, निवृत्त झाले, वय ६१, फंड-ग्रॅच्युइटी मिळून हातात ३८ लाख. त्यातले २४ लाख या पॉलिसीत जाणार. परतावा? २४ चे ४३ झाले हे ऐकायला गोड आहे, पण शेवटचा पैसा येईल तेव्हा बाबा ८२ वर्षांचे असतील. वर्षांचा हिशेब लावला तर हे प्रकरण पाच टक्क्यांच्या आसपास बसतं. त्याच बँकेत, बहुधा दोन टेबलं सोडून, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं उघडून मिळतं. व्याज सध्या ८.२ टक्के, मर्यादा ३० लाख. ३० लाख ठेवले तर दर तिमाहीला ६१,५०० खात्यात, मुद्दल शाबूत. सरांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. त्यात त्यांच्या शाखेचं टार्गेट पूर्ण होत नाही, एवढंच. आणि निवृत्त माणसाला, ज्याच्या पगारावर आता घर चालत नाही, नवीन आयुर्विमा कशासाठी, हा प्रश्न त्या टेबलावर कोणी विचारलाच नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा पॉलिसीचे कागद हातात पडून तीन आठवडे झाले होते, म्हणून रद्द करण्याचं तुम्हाला त्याच दिवशी कळवलं. इथे पुन्हा लिहितोय ते इतरांसाठी. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत, अटी पटल्या नाहीत या कारणाने, पॉलिसी परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. अर्ज लेखी द्यायचा आणि तो विमा कंपनीला. बँकेतल्या सरांना फोन करणं म्हणजे अर्ज नव्हे. तारखेची पोच घ्यायची, ईमेलही करायचा. थोड्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे पैसे, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी सगळं परत येतं. मधल्या काळात सर घरी येतील, चहा घेतील आणि म्हणतील, "काका, तीन वर्षं तर भरा, मग पाहू." चहा द्या, अर्ज मागे घेऊ नका. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाचं बीमा भरोसा हे तक्रारींचं पोर्टल आहे, त्यापुढे विमा लोकपाल. "पॉलिसी घेतली तर कर्ज लवकर होईल" असं तुम्हाला सांगितलं गेलं, तेही तक्रारीत लिहा. कर्जासाठी विमा गळ्यात मारता येत नाही.

ज्यांचे ३० दिवस टळून गेलेत त्यांनी निदान दुसरा हप्ता डोळे झाकून भरू नये. २०२४ च्या ऑक्टोबरपासून एकाच वर्षाचा हप्ता भरलेल्या पॉलिसीलाही, पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर, काही ना काही सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडली तर परत येणारी रक्कम, मिळतं. नुकसान होईलच. पण एका हप्त्यातलं नुकसान आणि आठ हप्त्यांतलं नुकसान यांत फरक आहे.

आता एम.ए.कडे. तुमचे २६ लाख म्हणजे फी १७,५०० पौंड, पौंड १२० रुपये धरून २१ लाख, आणि राहण्या-खाण्याला ५ लाख. बाकी "पार्ट-टाइम करून भागवीन". असं भागत नाही. लंडनबाहेरच्या विद्यापीठासाठी विद्यार्थी व्हिसाला महिना १,१७१ पौंड, नऊ महिन्यांचे, म्हणजे साडेबारा लाख, २८ दिवस खात्यात दाखवावे लागतात. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, शिवाय व्हिसा फी आणि तिकीट. खरा आकडा ३६ लाखांकडे जातो. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि काम पहिल्याच आठवड्यात मिळेल असं कोणी लिहून दिलेलं नाही.

त्यानंतर तिथेच नोकरी, ही तुमची अपेक्षा. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना शिक्षणोत्तर व्हिसा दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचा मिळणार आहे. तुमचा अर्ज त्याच नियमात येईल. पुढच्या कुशल कामगार व्हिसाला सर्वसाधारण पगाराची अट ४१,७०० पौंड आहे. नवख्यांना थोडी सवलत मिळते, पण भाषाशाळेतल्या नव्या शिक्षकाचा पगार त्या सवलतीच्या आकड्यापर्यंतही सहसा जात नाही. म्हणजे परतफेड बहुधा नागपूरच्या पगारातून करायची आहे, हे धरूनच बोलू.

विषयांची यादी मी पैशांच्या बाजूने वाचली. पदवी १८० क्रेडिटची: २० क्रेडिटचे सहा विषय आणि ६० क्रेडिटचा प्रबंध. २१ लाख भागिले १८०, एक क्रेडिट पावणेबारा हजारांच्या आत-बाहेर. २० क्रेडिटचा एक विषय सव्वादोन लाखांहून थोडा जास्त, प्रबंध सात लाखांचा. आता यादीत बघा: भाषा-संपादन (म्हणजे भाषा आत्मसात कशी होते ते), व्याकरण आणि उच्चारशास्त्र, अध्यापन पद्धती, संशोधन पद्धती, आणि दोन पर्यायी. प्रत्यक्ष वर्गात शिकवायचं आणि मागे बसून कोणीतरी तपासायचं, असा विषय कुठे दिसला तुम्हाला? मला नाही दिसला. आणि परदेशातल्या भाषाशाळा आधी तेच विचारतात.

ते सेल्टात मिळतं. केंब्रिजचं प्रमाणपत्र, किमान १२० तासांचा अभ्यासक्रम, त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर तपासलेलं अध्यापन. पूर्णवेळ केलं तर साधारण महिनाभरात आटोपतं. खर्च दोन लाखांच्या आसपास, म्हणजे तुमच्या एम.ए.मधल्या एका पर्यायी विषयाएवढा. तो तुमच्या साडेचार लाखांतून होतो, बाबांना हात लावावा लागत नाही. खोलात जायचं असेल तर हैदराबादच्या इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीचा दूरशिक्षणातला पीजीसीटीई, म्हणजे इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर प्रमाणपत्र कोर्स, आहे, पुढे पीजीडीटीई हा पदविकेचा. इग्नूचं इंग्रजी अध्यापनाचं सहा महिन्यांचं प्रमाणपत्र तर काही हजारांत होतं, आणि इग्नूचं विभागीय केंद्र नागपुरातच आहे. नोकरी सोडायची गरज नाही.

तर कर्ज की एफडी? यंदा दोन्ही नको. सरकारी बँका साडेसात लाखांवर सहसा तारण मागतात, आणि तुमच्याकडे तारण एकच, मानेवाड्याचं घर. बाबांचा पैसा, आई-बाबांचं छप्पर आणि तुमचा पुढच्या दहा वर्षांचा पगार हे तिन्ही एका पदवीवर लावायचं मला तरी धाडस होणार नाही. मैत्रिणीने सांगितलेली व्याजावरची करसवलत जुन्या कररचनेतच आहे. तुमच्या उत्पन्नावर नव्या रचनेत करच लागत नाही, मग सवलत कशावर घेणार?

विद्यापीठाला प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, ते विचारा. बरीच विद्यापीठं देतात. डिपॉझिट तोवर भरू नका. त्याच पत्रात आणखी दोन गोष्टी विचारा: सेल्टा असेल तर क्रेडिटमध्ये सूट मिळते का (काही ठिकाणी मिळते, आणि २० क्रेडिट सुटले तर सेल्टाचा खर्च वसूल झाला), आणि तपासलेलं अध्यापन कुठल्या विषयात आहे. पर्यायी विषयांत तुम्ही कॉर्पस (प्रत्यक्ष वापरातल्या भाषेच्या मोठ्या संग्रहाचा अभ्यास) आणि संभाषण-विश्लेषण निवडलंय. मूल्यमापन आणि पाठ्यसाहित्य-निर्मिती घ्या. सीताबर्डीतला क्लास आज तुम्हाला तासाचे पैसे देतो. चाचण्या आणि साहित्य तयार करता आलं तर वेगळं मानधन मागता येतं.

ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला अर्ज करा. फीसह राहण्याचा खर्च मिळतो, दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे तिप्पट आहे. शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट आहे. स्पर्धा भयंकर आहे, त्यामुळे मिळेलच असं धरून काही ठरवू नका. शाळेकडून अनुभवाचं पत्र आत्ताच मागून ठेवा. क्लासवाल्यांकडूनही घ्या, लेटरहेडवर, तासांसकट; ते रोखीने पैसे देत असतील तर पत्र द्यायला कुरकुरतील, तेव्हा यापुढचं मानधन खात्यात जमा करायला सांगा.