बी.फार्म झालोय, बारावीला गणित नव्हतं. एम.एस्सी. बायोस्टॅटिस्टिक्सला प्रवेश मिळेल का, पूर्ण करायला काय लागतं, आणि एसपीएसएस नीट शिकलं तर गणिताशिवाय भागेल का?

नाही भागणार. प्रवेश एखाद्या ठिकाणी मिळेलही, पण एसपीएसएस, म्हणजे आकडेमोडीचं एक तयार सॉफ्टवेअर, शिकलं की झालं हे डोक्यातून काढा. बायोस्टॅटिस्टिक्स म्हणजे आरोग्य-वैद्यकातलं संख्याशास्त्र. पहिल्याच सेमिस्टरला प्रॉबॅबिलिटी आणि इन्फरन्स (थोड्या नमुन्यावरून सगळ्यांबद्दल अनुमान काढणं) तोंडाला फेस आणतात.

आधी पात्रतेचं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र असावं लागतं, शिवाय टक्क्यांची अट. मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यासाच्या संस्थेत बायोस्टॅटिस्टिक्स आणि डेमोग्राफीची (लोकसंख्याशास्त्राची) एम.एस्सी. आहे, वेल्लोरच्या सीएमसी या मेडिकल कॉलेजात आणि मणिपालला बायोस्टॅटिस्टिक्सची. तुम्हाला बी.फार्मच्या पहिल्या सेमला रेमेडियल मॅथेमॅटिक्स आणि आठव्याला बायोस्टॅटिस्टिक्स अँड रिसर्च मेथडॉलॉजी असणार. तेवढ्यावर 'गणित विषय होता' असं मानायचं की नाही, हे ती ती संस्था ठरवते. फोनवरच्या 'हो हो, चालेल'वर जाऊ नका, ईमेलवर लेखी घ्या. अमेरिकेचा विचार असेल तर तिथे जीवशास्त्राची पदवी नसली तरी अडत नाही, पण मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस आणि लिनियर अल्जेब्रा हमखास मागतात.

आता एसपीएसएसचं. 'सॉफ्टवेअर चालवता आलं की झालं' हा सूर मी एका एमडी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलाय, म्हणून तर लिहायला बसले.

डिझर्टेशनसाठी मला त्यांच्या रुग्णालयातला बाळंतपणांचा डेटा मिळाला होता. आईचं हिमोग्लोबिन आणि बाळाचं जन्मवजन, साधा विषय. एक्सेल उघडली तर वजनाच्या रकान्यात कुठे 2.4, कुठे 2400, आणि जिथे वजनच घेतलं नव्हतं तिथे 99. हे नेहमीचंच. हिस्टोग्राम (कोणत्या वजनाची किती बाळं, याचा खांबांचा आलेख) काढला तेव्हा मात्र 2500 वर एकच खांब ताडासारखा उभा, आणि त्याच्या डाव्या अंगाला जवळजवळ सामसूम.

2500 ग्रॅमच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात. बरोब्बर 2500 लिहिलं की ते त्या यादीतून सुटतं. मी लेबर रूममध्ये जाऊन उभी राहिले. काटा जुना, सुई दोन रेघांच्या मध्ये थांबायची आणि सिस्टर वरचा आकडा लिहायच्या. त्यांना बोल लावणार नाही. 2450 लिहिलं की आणखी एक रजिस्टर भरायचं, आणि पलीकडच्या टेबलावर दुसरी बाई कळा देत असायची.

डॉक्टरांचं म्हणणं, ते सगळं सोड, कमी वजन हो की नाही असे दोन गट कर आणि पी-व्हॅल्यू (दिसणारा फरक निव्वळ योगायोग असू शकतो का, हे जोखणारा आकडा) काढून दे. मी म्हटलं, सर, गट जिथे पाडताय नेमकी तिथेच नोंद वाकडी आहे. लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे हो-नाही गटांचं विश्लेषण, कुठलंही सॉफ्टवेअर करून देईल, चुकीच्या गटात बसलेलं बाळ त्याला दिसत नाही. मग मी वजन ग्रॅममध्ये सलग ठेवून एक विश्लेषण केलं, आणि 2500 ची रेघ थोडी खाली-वर सरकवून गटांचं विश्लेषण पुन्हा पुन्हा करून पाहिलं. हिमोग्लोबिनचा परिणाम टिकला, पण त्यांना हवा होता त्यापेक्षा बराच बारीक. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी दुसरं फारसं काही विचारलंच नाही, त्या खांबावरच बोलत राहिले.

पुढे डॉक्टरांचा पेपर आला. त्यात हिस्टोग्राम माझा, तक्ते माझे, आणि माझं नाव शेवटी आभारात, डेटा एंट्री करणाऱ्या मुलाच्या शेजारी. विचारलं तर म्हणाले, "तू सॉफ्टवेअर चालवलंस, आणखी काय केलंस?"

आयसीएमजेईचे, म्हणजे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचे, लेखकपणाचे निकष आहेत. विश्लेषण करणं किंवा त्याचा अर्थ लावणं पहिल्याच निकषात बसतं. ज्याने ते केलं त्याला मसुदा लिहायची-तपासायची संधी द्यायला हवी, असंही त्यातच आहे. मला मसुदा दाखवलाच नाही, आणि वर डॉक्टरच म्हणणार, 'लिहिण्यात तुझा हात कुठे होता?' फिशर हा मोठा संख्याशास्त्रज्ञ 1938 साली कलकत्त्याला पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेत म्हणून गेला की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे बहुतेकदा त्याच्याकडून पोस्टमॉर्टेम करून घेणं. आमच्याकडे पोस्टमॉर्टेमही करून घेतात आणि रिपोर्टवर सहीही करू देत नाहीत.

तर, पूर्ण करायला काय लागतं. साधारण चार सेमिस्टर. रिग्रेशन, सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस (मृत्यूसारखी घटना घडायला किती काळ लागतो, याचं विश्लेषण), क्लिनिकल ट्रायल्स (औषधांच्या रुग्णांवरच्या चाचण्या), एपिडेमिऑलॉजी (रोगांच्या प्रसाराचा अभ्यास), थोडं प्रोग्रॅमिंग, शेवटी डिझर्टेशन आणि व्हायवा. परीक्षेचे पेपर निघतात हो, लोक अडकतात ते एथिक्स कमिटीत, म्हणजे संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीत. जुन्या केसपेपरवरचं काम असलं तरी कमिटीपुढे जावं लागतं. रुग्णांच्या संमतीतून सूट मिळू शकते, पण ती कमिटीने द्यायची, गाइडने नाही. तिसऱ्या सेमिस्टरलाच अर्ज टाका. आणि डेटा हातात घेण्याआधी लेखकांत आपलं नाव आहे का, कितवं आहे, मसुदा कधी दाखवणार, हे सगळं ईमेलवर ठरवून घ्या. 'एवढ्यात कशाला' म्हणतील. म्हणू देत.

सगळेच डॉक्टर असे नसतात, हेही सांगायला हवं. आता मी क्लिनिकल ट्रायल्सच्या कामात आहे. इथले डॉक्टर प्रोटोकॉल लिहितानाच, सॅम्पल साइज ठरायच्या आधी आम्हाला बोलावतात. काम एसएएस आणि आर या सॉफ्टवेअरमध्ये चालतं, एसपीएसएस कोणी उघडत नाही. तुमच्या बी.फार्मचा इथे उपयोग आहे. डोस, अ‍ॅडव्हर्स इव्हेंट (औषध घेत असताना झालेला त्रास) हे आमच्या स्टॅटवाल्या पोरांना पहिल्यापासून शिकवावं लागतं. पण गणित नकोच असेल तर फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचं काम) किंवा क्लिनिकल डेटा मॅनेजमेंट बघा, त्यासाठी ही एम.एस्सी. लागत नाही. फॉर्म भरण्याआधी अकरावी-बारावीचं डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, मॅट्रिक्स क्लास न लावता स्वतः सोडवून बघा. जमलं तर भरा. फी आणि जागा दरवर्षी बदलतात, त्या माहितीपत्रकातच बघा.