नातवंडांची भेट : कायदा काय म्हणतो?

पत्रांत पुन्हा पुन्हा तेच गोंधळ येतात, म्हणून या वेळी फक्त आजी-आजोबांचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आजी-आजोबांना नातवंडांना भेटण्याचा हक्क देणारा नवा कायदा झाल्याचा मेसेज आला. खरं आहे का?

नाही, आणि तो पुढे पाठवू नका. विधी आयोगाने 2015 साली 257व्या अहवालात याबाबत सूचना केल्या होत्या. सूचना म्हणजे कायदा नव्हे. मात्र मुलाच्या हिताचं असेल तर न्यायालय भेट मंजूर करू शकतं.

प्रश्न : नात अठरा पूर्ण झाली. तिचे वडील भेटू देत नाहीत. अर्ज करू का?

गरज नाही. ती सज्ञान आहे, तिलाच फोन करा.

प्रश्न : मुलगा वारला. सून पाच वर्षांच्या नातवाला घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात माहेरी राहते. वर्षभर भेट नाही. नातेवाईक म्हणतात, कोर्टाची पायरी चढू नका, तिचा राग निवळेल. थांबावं का?

थांबू नका. सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं. एवढ्या लहान मुलाच्या आठवणीतून माणूस वर्षभरात पुसट होतो. मग भेटीच्या खोलीत मूल आजीला पाहून समुपदेशकाच्या मागे लपतं, आणि समोरचा वकील म्हणतो, "बघा, ओळखतसुद्धा नाही." हे मी अनेकदा पाहिलं आहे, आणि दर वेळी आधीची वर्षं "बघू, होईल नीट" यातच गेलेली असतात.

आधी सुनेला साधं पत्र लिहा, त्यात एकही आरोप नको. प्रत जपून ठेवा. मध्यस्थीची तयारी दाखवा. तरी उत्तर नाही आलं, तर पालक व पाल्य अधिनियम, 1890 खाली अर्ज करता येतो. तो नातू राहतो तिथल्या कुटुंब न्यायालयात, ते नसेल तर जिल्हा न्यायालयात. तुमच्या गावी नव्हे. निकालाला वेळ लागतो, म्हणून सोबतच अंतरिम भेट मागा.

आणि ताबा मागू नका! मूल हिरावून घेणार अशी धास्ती आईला बसली की समेटाची वाट बंद होते. महिन्यातले दोन रविवार, आठवड्याला एक व्हिडिओ कॉल, असं नेमकं मागा. जमीन-घराचा वाद यात मिसळू नका. जुने फोटो, पत्राची प्रत घेऊन याच आठवड्यात वकिलांना भेटा. तुमची कागदपत्रं पाहून अर्ज कसा करायचा ते तेच ठरवतील.

प्रश्न : शाळा सुटताना नातवाला परस्पर घरी आणलं तर?

मुळीच नको. पोलिसांत तक्रार होईल आणि भेटीचा अर्जही कमकुवत होईल.

प्रश्न : एक सल्लागार नोटीस पाठवून महिन्यात भेट "हमखास" मिळवून देतो म्हणतो, आगाऊ रक्कम मागतो. मी विधवा आहे, पेन्शन तुटपुंजी.

एक रुपयाही देऊ नका. आदेश न्यायालय देतं, आणि निकालाची हमी कुठलाही प्रामाणिक वकील देत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात ओळखपत्र घेऊन जा आणि तिथल्या वकिलांना सगळी हकिकत सांगा.