पहिलं अॅप डिझाईन करतोयस? आधी एवढंच बघ

भावा, गूळ व्यापाऱ्यांसाठी अॅप करतोयस, लई भारी. अॅनिमेशन, डार्क मोड, गेस्चर आत्ता डोक्यात घेऊच नको, ते नंतर.

आधी बटणं. नवीन माणूस लॅपटॉपवर डिझाईन करतो, तिथं सगळं झक्कास दिसतं आणि फोनवर अंगठा टेकला की शेजारचंच बटण दाबलं जातंय. बटणाची लांबी-रुंदी अँड्रॉइडला 48 डीपी, आयफोनला 44 पॉइंट (डीपी, पॉइंट ही स्क्रीनवरची मापं), त्याच्याखाली जाऊ नको आणि मेन बटण स्क्रीनच्या खालच्या भागात ठेव, कारण मार्केट यार्डात माणसाच्या एका हातात पावतीपुस्तक असतंय, सगळं काम एका अंगठ्यावर.

मग हे दोन:

- फिकट राखाडी अक्षरं नकोत. कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, निदान 4.5:1 पाहिजे, नाहीतर दुपारच्या उन्हात दर वाचताच येणार नाही.
- मराठी मजकूर पहिल्या दिवसापासूनच टाक. इंग्रजीत बसवून नंतर मराठी केलं की वेलांट्या, उकार कापले जातात, 'सेव्ह'च्या जागी 'माहिती जतन करा' आलं की बटणात मावत नाही. लाइन हाइट, म्हणजे प्रत्येक ओळीची उंची, जरा जास्तच दे. हे बहुतेक सगळेच विसरतात म्हणून मुद्दाम सांगतोय.

आणि कोडिंगच्या आधी कागदावर स्क्रीन काढून एखाद्या व्यापाऱ्याला दे, "आजचा दर टाका" एवढंच म्हण आणि गप्प बस, मधे समजावू नको. तो कुठं अडतो ते लिहून घे. चार-पाच जणांना दाखवलंस तरी मोठ्या चुका सापडतील.

स्केच झाली की दाखव, बघूया मिळून.