कुंडीतला पुदिना दोन-तीन महिन्यांत का रोडावतो?

तुम्ही लिहिलंय की कुंडीतला पुदिना सुरुवातीला भरभरून आला, मग मधोमध टक्कल पडलं, कडेला लांबट काड्या तेवढ्या उरल्या, पानं बारीक झाली आणि चुरडली तरी पूर्वीसारखा वास येत नाही. खत घातलं, पाणी वाढवलं, फरक पडला नाही. रोप मेलं असं समजून टाकून द्यावं का, असं विचारताय.

टाकू नका. ते मेलेलं नाही. त्याला पुढे जायचंय आणि वाट मिळत नाहीये.

हे समजायला मला दोन वर्षं लागली, आणि त्यात तीन कुंड्यांतला पुदिना गेला. चौथ्या वेळी रोप काढून टाकायचं म्हणून कुंडी उपडी केली, तर मातीचा गोळा अख्खा बाहेर आला. मधला भाग कोरडा, तपकिरी, जुन्या लाकडी काड्यांचा. पण कुंडीच्या भिंतीला लागून पांढरी, रसरशीत, सुतळीएवढी जाड खोडं गोल गोल फिरलेली होती. काही ठिकाणी तर तीन-चार वेढे. सगळा जीव तिथे गोळा झाला होता. मी इतके दिवस मधल्या वाळक्या भागाला पाणी घालत होतो.

पुदिना एका जागी राहणारं झाड नाही. तो मातीवर आणि मातीखाली आडवी धावती खोडं सोडतो, त्यांच्या पेरापेराला मुळं फुटतात, वर कोंब येतो आणि तिथे नवं रोप उभं राहतं. जमिनीत लावलेला पुदिना पाहिलात तर तो दरवर्षी कडेने पसरतो आणि मूळ जिथे लावला तिथेच विरळ होतो, कारण तो ताज्या मातीकडे सरकलेला असतो. कुंडीत भिंत आडवी येते. खोडं तिच्याभोवती फिरत राहतात, मुळांची जाळी इतकी दाट होते की मातीला जागाच उरत नाही. मग वरून घातलेलं पाणी गोळा आणि भिंत यांच्या फटीतून सरळ खाली उतरतं, खालच्या ताटलीत दिसतं, आणि आपल्याला वाटतं भरपूर झालं.

म्हणजे त्याला जे स्वतः करता येत नाही ते आपण करायचं: उचलून नव्या मातीत न्यायचं. आदल्या दिवशी कुंडीला पाणी द्या, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उपडी करा. मधला जुना भाग कंपोस्टात टाकायला जीव हळहळतो, पण टाकाच. कडेची पांढरी खोडं हलक्या हाताने सोडवा आणि प्रत्येक तुकड्यावर तीन-चार पेरं येतील असे 10-12 सेंमीचे तुकडे करा. ते उभे खोचू नका. सुमारे 3 सेंमी खोलीवर आडवे पसरून वर माती घाला. साधारण दोन आठवड्यांत कोंब दिसू लागतात, थंडीत थोडा जास्त वेळ लागतो. मी दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि एक भाग वाळू किंवा कोकोपीट घेतो.

कुंडी पसरट हवी. मुळं फार खोल जात नाहीत, त्यामुळे 20 सेंमी खोली पुरते, पण रुंदी 30 सेंमी तरी असू द्या. लहान कुंडी असेल तर हा खटाटोप सहा महिन्यांनी करावा लागतो. माझ्या पसरट कुंडीत वर्षातून एकदा पुरतो. पाण्याचं म्हणाल तर माती कायम वाफशावर असावी: हाताला ओलसर लागली पाहिजे, पण चिखल नको. खालचं भोक बुजलेलं नाही ना, तेवढं बघा.

आता वासाचं, कारण तुमची खरी खंत तीच दिसते.

पुदिन्याचा वास पानावरच्या सूक्ष्म तेलग्रंथींत असतो, आणि त्या पानाच्या खालच्या बाजूला जास्त असतात. साधं भिंग लावून पान उलटं धरलं तर चमकणारे ठिपके दिसतात. एकदा बघाच, मग पान खुडताना आपण काय खुडतोय ते कळतं. पेपरमिंट या पुदिन्याच्या जातीवर झालेल्या अभ्यासातून असं दिसलं की तेल मुख्यतः पान 12 ते 20 दिवसांचं असताना तयार होतं. त्यानंतर त्यात फारशी भर पडत नाही. म्हणून जुनी, जाड पानं जपून ठेवल्याने वास वाढत नाही. वास हवा तर कोवळी पानं सतत येत राहिली पाहिजेत, आणि त्यासाठी खुडणी हवी.

खुडणी म्हणजे एकेक पान तोडणं नव्हे. पुदिन्याचं खोड चौकोनी असतं आणि पानं समोरासमोर जोडीने येतात. त्या जोडीच्या किंचित वर काडी कापली की बगलेतून दोन नवे फुटवे निघतात. एकेक पान ओरबाडत राहिलं तर शेंडा लांबत जातो आणि काडी उघडी पडते; तुमच्या लांबट काड्यांमागे हेही असू शकतं. फुलांचे तुरे दिसायला लागले की मी सगळी कुंडी मातीपासून 5 सेंमीवर छाटतो. पहिल्यांदा हात थरथरला होता, आता नाही.

उजेड कमी असला की पुदिना जगतो, पण लांबडा होतो आणि तेल कमी बनवतो. रोज चार-पाच तास ऊन हवं, शक्यतो सकाळचं. कडक दुपारी सावली मिळाली तर चांगलंच. आणि खत आवरा. नत्र जास्त झालं की पानं मोठी, हिरवीगार, पाणचट येतात. नव्या मातीत कंपोस्ट असताना पहिले दोन महिने वेगळं काही देऊ नका.

एक शक्यता अशीही आहे की तुम्हाला जो थंडगार वास अपेक्षित आहे तो तुमच्या जातीत नसेलच. गार झोंबणारा वास मेंथॉलचा, तो पेपरमिंटमध्ये असतो. स्पिअरमिंटमध्ये मुख्य घटक कार्व्होन, त्याचा वास गोडसर. (याच कार्व्होनचं आरशातल्या प्रतिबिंबासारखं उलटं रूप शेपूच्या बियांत असतं, आणि त्याचा वास आपल्याला अगदी वेगळा येतो. मला याचं अजून नवल वाटतं.) पेपरमिंट हा स्पिअरमिंट आणि मेंथा अॅक्वाटिका या पाणथळ जागी वाढणाऱ्या पुदिन्याचा संकर आहे आणि तो वांझ असतो. त्यामुळे बियांच्या पाकिटावर पेपरमिंट लिहिलेलं असलं तरी विश्वास ठेवू नका. पेपरमिंट काडीपासून किंवा खोडाच्या तुकड्यापासूनच करायचा. दोन जाती एका कुंडीतही नकोत, जोमदार जात दुसरीला गिळून टाकते.

खोडं वेगळी करताना जुन्या पानांची खालची बाजू नीट बघा. नारिंगी पुटकुळ्या असतील तर तो तांबेरा आहे, आणि तो धावत्या खोडांसोबत नव्या कुंडीतही येतो. तशी पानं आणि काड्या कंपोस्टात न घालता बाहेर टाका. खोडं धुऊन 44 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 10 मिनिटं ठेवा, लगेच गार पाण्यातून काढा आणि मग लावा. थर्मामीटर असेल तरच हे करा, अंदाजाने पाणी तापवलं तर खोडं शिजतील.

कुंडी उपडी करण्याआधी एक काम मात्र आजच करा. त्यातल्या त्यात चांगली, बोटभर लांब शेंड्याची काडी घ्या, खालची पानं काढून ग्लासभर पाण्यात उजेडात ठेवा आणि पाणी एक दिवसाआड बदला. आठ-दहा दिवसांत मुळं दिसतील. कुंडीत काही बिघडलं तरी तुमचाच पुदिना हाताशी राहील.